सोसायटी ग्रुप: खाडीची सहल पौर्णिमेलाच का?

कोल्हे (ए-२०३): चेअरमन साहेब, सहलीचं पोस्टर बघितलं. "वैशाख पौर्णिमा, कोकणात अंजर्ले खाडी, किनाऱ्यावर चांदण्यात कॅम्प, सकाळी १०.३० ला पक्षीनिरीक्षण." वर फोटो रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्याचा. मीटिंगमध्ये भरती-ओहोटीचं एवढं बोलणं झालं, ते रजिस्टरमध्येच राहिलं वाटतं.

चेअरमन बोरोले: कोल्हे साहेब, रविवार बघूनच पौर्णिमा धरली आहे. सगळ्यांची सोय पाहावी लागते. सूचना असतील तर स्वागत 🙏

कोल्हे: पाणी रविवार बघून चढत नाही. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास पुढे धरा. साडेदहाला पोचलात तर चिखल पाण्याखाली गेलेला, पक्षी लांब जाऊन बसलेले आणि उन्हाच्या झळांनी दुर्बिणीत सगळं थरथरतंय.

भूषण (सी-४०१): काय भो, पक्षीपण दुपारी आराम करतात? मग आपल्या खान्देशचेच की 😂

सोनवणे सर: भूषण, त्यांचं घड्याळ पाण्याचं. ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी खाडीभर पांगून किडे, शिंपले टिपतात. पाणी चढलं की चिखलाची पट्टी अरुंद होत जाते आणि ते काठाकडे सरकतात. भरतीआधीचे अडीच-तीन तास आपण एका जागी गप्प बसायचं, पक्षी आपणहून जवळ येतात. ऐन भरतीला ते उंचवट्यावर एका पायावर उभे असतात, तेव्हा फोटोसाठी त्यांना उठवायचं नाही.

महाजन काका: एवढ्या लांब कशाला? तापी आपल्या जळगाव जिल्ह्यातून जाते, तिचं मुख सुरतजवळ डुमसला. अमळनेर, नंदुरबार, नवापूर, उधना, गाडीत बसल्या बसल्या खाडी. आपल्याच नदीचे पक्षी बघा ना.

कोल्हे: काका, खंभातचं आखात आत अरुंद होत जातं, त्यामुळे पाणी तिथे कोकणापेक्षा कितीतरी जास्त चढतं-उतरतं. ओहोटीला चिखल लांबच लांब, पक्षी ठिपक्याएवढे. आणि भरतीचं पाणी आधी ओहोळांतून मागे शिरतं, मग समोर दिसतं. मुलं घेऊन तिथे नको. पाऊणपटीचा हिशेबही तिथे चालत नाही, भरती मुंबईच्या नंतर येते.

वाणी काकू: टॉयलेटची सोय काय आहे?

पवन (बी-१०४): मग हातनूर धरणालाच चला, डबा घेऊन, संध्याकाळी घरी.

चौधरी वहिनी: हातनूरच्या सहलीचा हिशेब अजून नोटीस बोर्डावर लागायचाय, पवन भाऊ.

चेअरमन बोरोले: वहिनी, तो विषय वेगळा. इथे फक्त सहल.

चौधरी वहिनी: हो हो, लिफ्टचाही विषय वेगळाच असतो 🙂

कोल्हे: परत सांगतो. पौर्णिमेच्या रात्री बाराच्या सुमारास उधाणाची भरती. वाळूवर वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले यांची रेघ दिसते, ती रोजच्या भरतीची. उधाणाला पाणी ती रेघ ओलांडून वर येतं. पोस्टरमधले तंबू नेमके तिथेच काढलेत.

चेअरमन बोरोले: तंबू थोडे वर लावू. चांदणं तर पाहिजे ना? मुलांना तेच सांगितलंय.

सोनवणे सर: चांदणं हवं तर शुद्ध एकादशी घ्या. संध्याकाळी चंद्र वरच असतो, मध्यरात्र उलटून दोन-अडीचपर्यंत राहतो. ११ ची पाऊणपट सव्वाआठ. द्वादशीला नऊ. म्हणजे सहा ते साडेआठ पाणी चढतंय, ऊन कोवळं, पक्षी काठाला. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढ-उताराचं, असतं, एकादशीलाही ते फार चढत नाही. तंबू सुरक्षित.

डॉ. पाटील मॅडम: पण भांगाला चिखल कमी उघडा पडतो ना सर? पक्षी कमी नाही का होणार?

सोनवणे सर: चिखल कमी पडतो हे बरोबर. पण त्यामुळेच पक्षी पार टोकाला जात नाहीत. नवख्या माणसाला जवळचे दहा पक्षी लांबच्या शंभरांपेक्षा बरे.

भूषण: एकादशीला कोकणात जायचं आणि साबुदाणा खायचा?? हर्णैचे मासे कोण खाणार? 😭

महाजन काका: आमच्या घरी एकादशी पाळतात. चेष्टा नको.

भूषण: काका, चेष्टा नाही. एकादशीला भगर, द्वादशीला सुरमई. दोन्ही देव खूश.

पवन: मासे खायचे तर मे महिन्यातच. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद.

वाणी काकू: टॉयलेटची सोय काय आहे?

चेअरमन बोरोले: एकादशी बुधवारी येते. नोकरीवाल्यांनी काय करायचं? कोल्हे साहेब रिटायर आहेत, त्यांना रोज रविवार.

कोल्हे: मग रविवारी जाऊन रिकामं पाणी बघा. पौर्णिमेनंतरचा रविवार सप्तमी, भरती सव्वापाचला, अंधारात. त्यापुढचा रविवार चतुर्दशी, साडेदहा, शिवाय अमावास्येचं उधाण तोंडावर. पंचांग समोर घेऊन बघा.

डॉ. पाटील मॅडम: फोटोतले रोहित दिसतील का? मुलीने त्यांचं चित्र काढून ठेवलंय.

कोल्हे: त्यांच्या थव्यांसाठी ठाण्याची खाडी. नोव्हेंबर ते मे तिथे असतात, ऐरोलीहून बोट भरतीच्या वेळेप्रमाणे सुटते. २०२२ ला ती रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेली. पण तिथे कॅम्प नाही. अंजर्ल्याला मेमध्ये स्थलांतरितांतले बहुतेक उत्तरेकडे गेलेले, मागे राहतात ते त्या वर्षी वीण न करणारे, बरेचसे पहिल्या वर्षाचे. बाकी स्थानिक पक्षी: समुद्री बगळा, वंचक, खंड्या, ब्राह्मणी घार, नशिबात असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. गायबगळ्याचं डोकं-मान या दिवसांत केशरी होते, तो नवा पक्षी समजून यादीत दोनदा लिहू नका.

चौधरी वहिनी: म्हणजे पोस्टरवरचा मुख्य पक्षीच येणार नाही. छान.

_हा मेसेज डिलीट करण्यात आला_

चौधरी वहिनी: वाचला मी, चेअरमन साहेब.

पवन: दुर्बीण कोणती न्यायची? माझ्याकडे १०×५० आहे.

सोनवणे सर: चालेल, पण हात थरथरतो, मुलांना जड होते. ८×४२ बरी. स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) असेल तर नऊनंतर फार झूम नको, झळांमुळे चित्र उकळतं. सूर्य पाठीशी ठेवा: सकाळी खाडीच्या पूर्वेच्या काठावरून, संध्याकाळी समुद्राच्या बाजूने आत बघायचं. नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात.

भूषण: आमचा छोटा कूलर बसमध्ये बसेल. तंबूत लावू.

सोनवणे सर: कूलर पाणी सुकवून हवा गार करतो. जळगावच्या कोरड्या ४४ अंशांत तो चालतो. तिकडे हवाच ओली, पाणी सुकत नाही, नुसता दमटपणा वाढेल. घामाचंही तेच, वाळत नाही म्हणून ३४ अंशांतही जीव घाबरा होतो. माणशी दिवसाला ४ लिटर पाणी आणि ओआरएस ठेवा.

भूषण: निर्जला एकादशी असती तर 🤐

महाजन काका: ती ज्येष्ठात असते. माहिती नसताना बोलू नये.

कोल्हे: तंबूचे सरळ खिळे वाळूत धरत नाहीत, संध्याकाळचा वारा सुटला की एकेक निघतो. रिकाम्या कापडी पिशव्या न्या. वाळू भरा, दोरी पिशवीच्या मधोमध बांधा, दीड फूट खड्ड्यात आडवी पुरा, वरून पायाने दाबा. एका तंबूला ६. तंबूचं तोंड वाऱ्याकडे नको आणि नारळाखाली अजिबात नको. एकच नारळ पुरतो.

पवन: पायात फ्लोटर चालतील?

कोल्हे: चिखल ओढून घेईल. जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घट्ट. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, अनवाणी कोणी उतरायचं नाही. खरं तर बांध सोडायचाच नाही. पाय रुतलाच तर हिसका देऊ नका, एक पाय उपसताना दुसरा आणखी खोल जातो. मागे बसल्यासारखं टेका, वजन पसरवा, टाच गोल हलवून पायाभोवती पाणी शिरू द्या, मग हळू ओढा. मदतीला जाणाऱ्याने शेजारी उभं राहायचं नाही, लांबून चटई किंवा ओढणी द्यायची.

वाणी काकू: बूट, पिशव्या, कूलर सगळं झालं. टॉयलेटची सोय काय आहे?? तिसऱ्यांदा विचारतेय. तीन तास बांधावर बसायचं, आडोसा नाही. पुरुषांना काय.

डॉ. पाटील मॅडम: काकूंचा प्रश्न पहिला सोडवायला हवा होता. बायका मग पाणीच पीत नाहीत आणि त्या दमटात चक्कर येते.

चेअरमन बोरोले: किनाऱ्याऐवजी एखाद्या वाडीच्या अंगणात तंबू लावायचा पर्याय आहे. विचारलंय. तिथे २ संडास, १ न्हाणीघर. खाडीचा बांध चालत पंधरा मिनिटं.

वाणी काकू: माणसं किती?

चेअरमन बोरोले: आतापर्यंत २२.

वाणी काकू: २२ ला २. साडेपाचला निघायचं तर पहिला नंबर पावणेचारला. आणि बांधावर पंधरा-वीस माणसं एकदम बसली तर पक्षी थांबतील का, हेही कोल्हे भाऊंना विचारा.

कोल्हे: नाही थांबणार. आठ-दहाच्या वर नको. दोन गट करा: एक सहाला बांधावर, दुसरा सव्वासातला. सव्वासातवाल्यांना पाणी चढलेलं, पक्षी जास्त जवळ.

वाणी काकू: मग बायका आणि मुलं सव्वासातच्या गटात. लिहून घ्या.

भूषण: मीपण सव्वासात.

चौधरी वहिनी: तू मुलांत की बायकांत? 😄

महाजन काका: सुरतेला सगळ्या सोयी आहेत. तापीचा विचार व्हावा.

चेअरमन बोरोले: सुधारित कार्यक्रम. मंगळवारी संध्याकाळी ५ ला गेटवरून बस, साधारण १४ तास. बुधवार एकादशी, सकाळी आराम. दुपारी अडीचच्या आसपास ओहोटी, ५ नंतर समुद्राच्या बाजूला. रात्री मुक्काम वाडीत. गुरुवार द्वादशी, दोन गट, जेवण मासे/शाकाहारी आधी सांगणे. संध्याकाळी ५ ला परत. भरतीच्या नेमक्या वेळा सर्व्हे ऑफ इंडियाच्या कोष्टकावरून सोनवणे सर बघून टाकतील. ब्लूटूथ स्पीकर आणू नये. रजा नसलेल्यांनी आजच नाव कमी करावं.

पवन: माझं कमी करा. बुधवारी शक्य नाही.

चेअरमन बोरोले: कोल्हे साहेब, समाधान?

कोल्हे: पोस्टरवरचा फोटो बदला.

चौधरी वहिनी: आणि बसचा ॲडव्हान्स या वेळी संयुक्त खात्यातून, पावतीसकट ग्रुपवर.