ब्राह्मी की मंडूकपर्णी?
झोप शांत लागावी म्हणून लावलेल्या ब्राह्मीचं तुम्ही जे वर्णन केलंय (लांब देठ, गोल पान, कडा कातरलेल्या) ती ब्राह्मी नव्हे, मंडूकपर्णी. तीही औषधीच, आणि पुष्कळ जण तिलाच ब्राह्मी म्हणतात. खऱ्या ब्राह्मीची पानं इवलीशी, जाडसर, समोरासमोर जोडीनं येतात. फूल पांढरं, किंचित जांभळट. पान चावलं की कडूपणा जिभेवर रेंगाळतो.

लावायला अगदी सोपी. बोटभर फांदी ओल्या मातीत आडवी दाबायची, पेरापेराला मुळं फुटतात. पाणी साचलं तरी चालतं, वाळलं की मात्र संपलं. गटाराकाठची कधीच घेऊ नका, ती माती-पाण्यातले जड धातू शोषून घेते.

मी फक्त तेल करते. तिळाच्या तेलात चौपट रस घालून मंद आचेवर आटवायचं. वातीला लावून पेटवल्यावर तडतड थांबली, म्हणजे पाणी उडालं. रात्री टाळूवर जिरवायचं.

पोटात घ्यायची तर वैद्यांना विचारूनच. मळमळ, जुलाब होऊ शकतात. थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील, तर स्वतःच्या मनानं नकोच.