रक्तातलं पोटॅशियम ६ च्या वर, पुन्हा काढलं की नॉर्मल. चूक कुठे होतेय?

वॉर्ड_इन्चार्ज: पहाटे पाचला सॅम्पल काढतो, लॅब आठला उघडते, तोवर ट्यूब फ्रिजमध्ये. पोटॅशियम ६.२, ६.५ येतं, पेशंटला त्रास नाही, दुसऱ्या सॅम्पलला ४.३. लॅब म्हणते, हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) नव्हतं.

लॅब_टेक: ताई, फ्रिजवरच संशय आहे. तांबड्या पेशींत सीरमच्या (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवाच्या) वीसपटीहून जास्त पोटॅशियम असतं आणि ते आत राखणारा पंप थंडीत मंदावतो. पेशी फुटत नाहीत, पोटॅशियम तेवढं झिरपतं. सीरम लाल होत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. ट्यूब अर्धा तास बाहेरच उभी ठेवून रक्त गोठू द्या, दोन तासांच्या आत स्पिन करा (सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा). सीरम वेगळं झालं की मग खुशाल फ्रिजमध्ये ठेवा. नाहीतर इलेक्ट्रोलाइटचं (सोडियम-पोटॅशियमचं) सॅम्पल साडेसातलाच काढा.

बायोकेम: त्याच सॅम्पलचं कॅल्शियमही बघा. ते ५-६ पर्यंत घसरलेलं आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइमही कमी आलेलं असेल, तर जांभळ्या ट्यूबमधलं पोटॅशियम ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) मिसळलंय. जांभळी जास्त भरली म्हणून त्यातलं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतायचं, हे सर्रास चालतं आणि ते अत्यंत घातक आहे. ट्यूब भरायचा क्रम असा: ब्लड कल्चर, निळी, लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, शेवटी करडी.

मेडिसिन_रेसिडेंट: टूर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) मिनिटभरात सोडा. मुठीची उघडझाप करायला लावू नका, तेवढ्यानेही आकडा चढतो. प्लेटलेट पाच लाखांवर असतील तर गोठताना त्यांतून पोटॅशियम सुटतं. तिथे हिरवी हेपॅरिन ट्यूब पाठवा, तिच्यात रक्त गोठत नाही.

पण किडनीचा पेशंट किंवा स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम वाढवू शकणारं औषध) चालू असेल तर "सॅम्पलच खराब" म्हणून सोडून देऊ नका. लगेच ईसीजी काढा आणि रिपीट पाठवा. ईसीजीतली टी-वेव्ह उंच टोकदार किंवा क्यूआरएस हा भाग रुंद दिसला, तर रिपीटची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा, कॅल्शियम ग्लुकोनेट (हृदयाला वाचवणारं इंजेक्शन) हाताशी ठेवा.

वॉर्ड_इन्चार्ज: कॅल्शियम ९.१ आहे, म्हणजे फ्रिजच. पण लॅब बंद असताना तातडीचं पोटॅशियम लागलं तर?

लॅब_टेक: आयसीयूतल्या एबीजी (रक्तातले वायू मोजणाऱ्या) मशीनवर काही मिनिटांत मिळतं. फक्त अख्ख्या रक्तात हिमोलिसिस दिसत नाही. ६ च्या वर आलं तर सिरिंजमधलं उरलेलं रक्त छोट्या ट्यूबमध्ये स्पिन करून वरच्या प्लाझ्माचा (पेशी खाली बसल्यावर वर राहणाऱ्या द्रवाचा) रंग बघा. गुलाबी असेल तर पेशी फुटल्यात, नवं सॅम्पल घ्या.