वायव्य जलमार्ग: बेटे कॅनडाची, मग पाण्यावरून वाद कशाचा?

सागरवेध: कॅनडाच्या उत्तरेकडील आर्क्टिक द्वीपसमूहावर त्या देशाची मालकी आज कोणीही नाकारत नाही. हान्स बेटाबाबत डेन्मार्कशी असलेला जुना वादही २०२२ मध्ये बेट विभागून घेऊन मिटला. असे असताना तेथील सार्वभौमत्वाची चिंता कॅनडाचे राजकारणी सतत का व्यक्त करतात, आणि गस्तीची नवी जहाजे बांधल्याने त्यांची बाजू खरोखर भक्कम होते का, हे जाणकारांनी सांगावे.

नकाशावाचक: आपल्या प्रश्नात जमिनीची मालकी आणि पाण्यातून जाण्याचा हक्क या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. वाद आहे तो केवळ दुसरीचा. बेटांमधले पाणी, म्हणजे अटलांटिक व प्रशांत महासागरांना जोडणारा वायव्य जलमार्ग, हे आपले अंतर्गत जलक्षेत्र असून तेथे येण्यासाठी परवानगी आवश्यक आहे, असे कॅनडा म्हणतो. ती आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनी आहे, असे अमेरिका म्हणते, आणि ते मान्य झाले तर कोणत्याही देशाच्या युद्धनौकांना, इतकेच नव्हे तर पाण्याखालून जाणाऱ्या पाणबुड्यांनाही, तेथून विनापरवानगी जाता येईल.

१९६९ मध्ये अलास्काचे तेल या मार्गाने नेता येईल का, हे पाहण्यासाठी ‘मॅनहॅटन’ हे अमेरिकी तेलवाहू जहाज निघाले. अमेरिकेने परवानगी मागितली नाही, तरी कॅनडाने ती देऊन टाकली आणि बर्फात अडकलेल्या त्या जहाजाच्या सुटकेसाठी स्वतःचे हिमभेदक जहाजही सोबत दिले! पुढच्याच वर्षी कॅनडाने किनाऱ्यापासून १०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यासाठी प्रदूषणविरोधी कायदा संमत केला. १९८५ मध्ये ‘पोलर सी’ या अमेरिकी तटरक्षक जहाजाच्या वेळी न मागितलेल्या परवानगीचे हेच नाट्य पुन्हा घडले, तेव्हा कॅनडाने संपूर्ण द्वीपसमूहाभोवती सरळ आधाररेषा आखल्या, म्हणजे बाहेरची टोके रेषांनी जोडून आतले सारे पाणी आपले अंतर्गत ठरवले. १९८८ च्या करारानुसार अमेरिका आपल्या हिमभेदक जहाजांसाठी संमती घेते, पण त्यामुळे कोणाचीही कायदेशीर भूमिका बदलत नाही, असे त्याच करारात नमूद आहे.

ओटावाकर: वरील विवेचनात माणसे राहून गेली, म्हणून थोडे लिहितो. १९५० च्या दशकात सरकारने क्वेबेकच्या उत्तरेकडील इनुकजुआक येथील इन्युइट (आर्क्टिकमधील मूळनिवासी) कुटुंबांना सुमारे २,००० किलोमीटर दूर, रेझोल्यूट आणि ग्रीस फियर्ड येथे नेऊन वसवले. तेथे हिवाळ्यात कित्येक महिने सूर्य उगवत नाही. परतण्याचे दिलेले आश्वासन पाळले गेले नाही. ध्वज रोवावा तसे आम्हाला तेथे रोवले, असा त्या कुटुंबांचा आरोप होता. सरकारने २०१० मध्ये माफी मागितली. याउलट इन्युइट आणि सरकार यांच्यातील १९९३ च्या नुनावुत करारात, या पाण्यावरील कॅनडाच्या सार्वभौमत्वाला इन्युइटांच्या वापराचा आणि वास्तव्याचा आधार आहे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. माझ्या मते कॅनडाकडे याहून बळकट पुरावा नाही, आणि म्हणूनच उत्तरेत घरे, शाळा व दवाखाने यांवर होणारा खर्च मी संरक्षणखर्चच समजतो.

तटरक्षक_प्रेमी: ओटावाकर यांचे म्हणणे मान्य असले, तरी दवाखान्याने क्षेपणास्त्र दिसत नाही. उत्तरेकडून येणारा हवाई धोका हेरण्याचे काम १९५८ पासून अमेरिकेबरोबरच्या ‘नोराड’ या संयुक्त व्यवस्थेकडे आहे. म्हणजे ज्या शेजाऱ्याशी जलमार्गाबाबत मतभेद, त्याच्याच मदतीने आकाशाचे रक्षण. जहाजांबद्दल सांगायचे तर ‘हॅरी डीवुल्फ’ या कॅनडाच्या नव्या गस्ती नौकेने २०२१ मध्ये हा जलमार्ग पार केला. अशा नौका बचावकार्याला आणि कायद्याच्या अंमलबजावणीला उपयोगी पडतात, परंतु कायदेशीर दाव्यात त्यांनी फारशी भर पडत नाही.

आपल्यालाही हा अनुभव अगदीच परका नाही. एप्रिल २०२१ मध्ये लक्षद्वीपच्या पश्चिमेला भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (जेथील सागरी संपत्तीवर किनारी देशाचा हक्क असतो) अमेरिकी विनाशिकेने पूर्वसंमतीशिवाय संचार केला आणि तो जाहीरही केला. तेथील कायदेशीर मुद्दा वेगळा होता, अमेरिकेची पद्धत मात्र तीच.

सागरवेध: आभारी आहे. एक उपप्रश्न: बर्फ वितळल्यास कॅनडाचा दावा कमकुवत होईल का?

नकाशावाचक: ऐतिहासिक हक्काचा, म्हणजे पूर्वापार वापराचा, दावा बर्फावर अवलंबून नाही. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक कराराचे कलम २३४ किनारी देशाला प्रदूषणाविरुद्ध जादा अधिकार देते, ते वर्षाचा बहुतांश काळ बर्फाच्छादित असणाऱ्या पाण्यापुरतेच. ‘बहुतांश काळ’ म्हणजे नेमके किती महिने, हे त्या कलमात कोठेही सांगितलेले नाही.