खुणांच्या भाषेतलं बोट म्हणजे नुसता इशारा का?

परभणीकर: ‘कर्णबधिर लोक बोट दाखवतात, आपणही दाखवतो, त्यात व्याकरण कसलं?’ असं वर कुणीतरी लिहून गेलंय. माझा धाकटा भाऊ कर्णबधिर आहे, म्हणून सविस्तर सांगायलो. मोंढ्यातलं भांडण सांगताना तो आडत्याला उजवीकडं ठेवतो, हमालाला डावीकडं. दोघंही समोर नसतात. एकदा जागा ठरली की त्या रिकाम्या जागेकडचं बोट म्हणजे ‘तो’. ‘देणं’चा हात उजवीकडून डावीकडं गेला तर आडत्यानं दिलं, उलटा गेला तर हमालानं. जागा चुकली की अर्थ फिरला.

लातूरचा मास्तर: आमची आज्जीही भांडण सांगताना हवेत असंच बोट नाचवायची. तिचंही व्याकरण म्हणायचं का? अभ्यासकांतही यावर एकमत नाही.

परभणीकर: आज्जीचे हात धरले तरी गोष्ट कळायची. भावाचे धरले तर बोलणंच बंद. आणि भाषेच्या अभ्यासक लॉरा पेटिटोचं 1987 चं काम बघा. अमेरिकन खुणाभाषा शिकणारी कर्णबधिर लेकरं वर्षाच्या आसपास सहज बोट दाखवतात. पुढं दोन वर्षांची होताना ‘मी’ म्हणायला समोरच्याकडं बोट करतात. निव्वळ इशारा असता तर ही चूक झाली असती का?

लातूरचा मास्तर: दोन लेकरांवर केलेला अभ्यास तो! दोघांवरून सिद्धांत?

बीडची आई: हात धरायचं निघालंच आहे म्हणून लिहिते. माझ्या लेकीला शाळेत हात मांडीखाली दाबून बसवायचे. “तोंडानं बोल.” 1880 ला इटलीतल्या मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत शिक्षकांनी शाळेतल्या खुणा बंद करायचा ठराव केला, तो चुकीचा होता हे त्याच परिषदेनं 2010 ला कॅनडात व्हँकुव्हरमध्ये मानलं. तोवर किती पिढ्या गेल्या? घरी आली की लेक जेवतानाही हात लपवायची.

नांदेडकर: माझ्या पुतण्याला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं मशीन, केलं, आज फाडफाड बोलतोय. खुणांवर सोडला असता तर बोलला असता का? सगळ्या मास्तरांना गुन्हेगार ठरवू नका.

बीडची आई: तुमच्या पुतण्याचं निदान वेळेत झालं. आमच्या तालुक्याला कान तपासायला माणूस नव्हता. मशीन नाही, खुणाही नाहीत, मग लेकरानं करायचं काय? ते सांगा आधी!

लातूरचा मास्तर: बाई, तुमच्याशी माझा वाद नाही. परभणीकर, आज्जीची जागा चुकली तरी कुणी हटकत नव्हतं, तुमच्या भावाला हटकतील. एवढं मानतो. दोन लेकरांचं मात्र मानत नाही.

नांदेडकर: हात दाबणं वाईटच, ताई. पुतण्याला खुणा शिकवायच्या का, हे त्याच्या आई-बापाला विचारतो. माझं मत अजून बदललं नाही.