टेरेसवरून दिसलेले दिवे

अमेय: काल संध्याकाळी कोणी वर पाहिलं का? एका रांगेत वीसेक दिवे, आवाज अजिबात नाही. थोड्या वेळात गायब. व्हिडिओ टाकलाय.

सुनंदा वहिनी: आम्हीपण पाहिले! मुलं घाबरलीत. दुसऱ्या एका ग्रुपवर परग्रहावरची यानं म्हणून फिरतंय.

देसाई काका: वहिनी, मुलांना सांगा, घाबरण्यासारखं काही नाही. ते स्टारलिंकचे, म्हणजे आकाशातून इंटरनेट देणाऱ्या कंपनीचे उपग्रह. मे 2019 मध्ये पहिले 60 एकदम सोडले, तेव्हापासून जगभर लोक हेच विचारतायत. एकाच रॉकेटमधून सुटतात, म्हणून सुरुवातीचे काही दिवस एकामागोमाग जातात. मग साधारण 550 किमी उंचीवर चढतात आणि पांगतात. त्यांना स्वतःचा दिवा नसतो. आपल्याकडे अंधार पडला तरी तिथे अजून ऊन असतं, तेच चमकतं.

प्राजक्ता: मग मधेच विझले कसे? ढग नव्हते, इमारतीच्या आडही गेले नाहीत.

देसाई काका: पृथ्वीच्या सावलीत शिरले. अमेय, प्रत्येक दिवा साधारण त्याच जागी विझला ना?

अमेय: हो काका, आत्ता परत बघितलं. एकाच जागी. पण व्हिडिओत खाली एक हिरवा ठिपका नाचतोय, तो काय? डोळ्यांना तर दिसला नव्हता.

देसाई काका: वर कोपऱ्यात गेटचा दिवा आलाय बघ. तिथून फ्रेमच्या मध्यातून रेघ ओढ, पलीकडे तेवढ्याच अंतरावर ठिपका सापडेल. लेन्सच्या आतलं प्रतिबिंब आहे. फोन हलला की तोही हलतो.

शिरीष: हे मान्य. पण आग्नेयेला रोज रात्री लाल-हिरवं लुकलुकणारं काहीतरी तासन् तास उभं असतं. ड्रोन आहे. कोणीतरी आपल्यावर नजर ठेवतंय. कमिटीने पोलिसांत कळवावं.

देसाई काका: शिरीष, साध्या ड्रोनची बॅटरी अर्धा तास टिकली तरी खूप. मला तो व्याध वाटतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, म्हणून रंग बदलताना दिसतात. मृगातले तीन तारे ओळीत आहेत ना, ती ओळ खाली वाढवली की तोच लागतो.

शिरीष: प्रत्येक वेळी तारा म्हणून सोडून द्यायचं का? उद्या खरंच कोणी असेल तर?

देसाई काका: सोडून देऊ नकाच, म्हणून तर तपासू या. 2024 च्या अखेरीस अमेरिकेत न्यू जर्सीत हीच भीती पसरली. एफबीआयकडे 5,000 हून जास्त ड्रोन दिसल्याच्या खबरी आल्या, त्यातून पुढे तपासण्याजोगे धागे निघाले 100 च्या आसपास. बाकी विमानं, हेलिकॉप्टर, परवानगीचे ड्रोन, आणि चक्क तारेसुद्धा. लोक खोटं बोलत नव्हते. अंधारात अंतराचा अंदाज येतच नाही.

प्राजक्ता: पण काही तर उकलतच नाहीत ना?

देसाई काका: बरोबर. आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तू तपासणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या ब्लू बुक प्रकल्पात 1969 पर्यंत 12,618 नोंदी झाल्या, 701 ची ओळख पटली नाही. ओळख पटली नाही याचा अर्थ परग्रहवासी आले असा लावायचं कारण नाही. वेळ, दिशा, उंची नसेल तर उकलणार कसं? शिरीष, आज एवढंच करा. हात पूर्ण लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. क्षितिजापासून किती मुठी ते आत्ता लिहा, तासाभराने परत.

शिरीष: 8.10. आग्नेय. दोन मुठी.

शिरीष: 9.10. तीन मुठींच्या थोडं वर, उजवीकडे सरकलंय. मृगाचे तीन तारेही सरकलेत, त्यांच्यातलं अंतर तेवढंच.

देसाई काका: मग व्याधच. सगळं आकाश तासाला 15 अंश फिरतं, तोही त्याच्याबरोबर फिरला. पोलिसांकडे जायची गरज नाही.