९ लाखांचं पॅकेज, हातात किती?

नवाभिडू:
ऑफर लेटर आलंय, सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ९ लाख. त्यात बेसिक (मूळ पगार) ४,५०,००० आणि व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) ९०,०००. १२ने भागलं तर ७५,००० होतात, पण मित्र म्हणतो ६० सुद्धा विसर. घराच्या कर्जाचा हप्ता ठरवायचाय. नेमके किती पडतील?

पगारवाली:
मित्र बरोबर बोलतोय. पेरोलला बसते, हा प्रश्न रोजचाच.

भागाकाराच्या आधी, जे महिन्याला मिळणारच नाही ते बाजूला काढा. व्हेरिएबल ९०,०००, तेही पूर्ण मिळेलच असं नाही. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, बेसिकच्या १२ टक्के, ५४,०००. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के, २१,६४५. उरले ७,३४,३५५, म्हणजे महिन्याला ६१,१९६.

आता यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ४,५०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० वजा करा. हातात ५६,४९६. फेब्रुवारीत आणखी १०० कमी, कारण महाराष्ट्रात त्या महिन्यात प्रोफेशनल टॅक्स ३०० कापतात, वर्षाचे २,५०० पुरे करायला. त्या शंभरावरून भांडायला दर वर्षी कुणीतरी माझ्या टेबलाशी येतंच!

इन्कम टॅक्स नव्या रिजीममध्ये (करपद्धतीत) शून्य. व्हेरिएबल धरूनही ८,२४,३५५ होतात. त्यातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) गेलं की तुम्ही १२ लाखांच्या बऱ्याच आत आहात, आणि २०२५-२६ पासून तिथपर्यंत रिबेट (करमाफी) आहे. जुनी रिजीम घेतलीत तर मात्र हिशेब वेगळा.

मेडिक्लेमचा हप्ताही सीटीसीत घुसवलाय का, ते पगाराच्या ब्रेकअपमध्ये (तपशिलात) बघा.

नवाभिडू:
बाप रे, १८ हजारांचा फरक! पीएफ १,८०० वर आणता येतो म्हणे?

पगारवाली:
कंपनीच्या धोरणात असेल तर. पीएफसाठी ठरलेल्या १५,००० च्या पगारमर्यादेचे १२ टक्के म्हणजे १,८००. तुमच्या वाट्याचे २,७०० हातात वाढतील, पण तेवढेच पीएफमध्ये कमी साठतील. विचारायचं तर जॉइन व्हायच्या आधी विचारा. नंतर एचआर हलत नाही.

हिशेबी:
वर्षाच्या मध्येच नोकरी बदलताय का? मग आधीच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला द्या. नाहीतर दोन्हीकडे स्टँडर्ड डिडक्शन आणि रिबेट स्वतंत्र धरतात, आणि एकूण उत्पन्न १२ लाखांच्या वर गेलं तर रिटर्न भरताना टॅक्स निघतो, वर व्याज.

नवाभिडू:
आधीचा ३८ हजारच होता, बेरीज तिथवर जात नाही. तरी देतो. ब्रेकअपसाठी एचआरला आजच मेल टाकलाय.