उगवणक्षमता चाचणीचे सादरीकरण: गावात आणि महाविद्यालयात

कृषीकन्या_सेलू

नमस्कार. मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात असून ग्रामीण कार्यानुभवासाठी सेलू तालुक्यातील एका गावात आहे. सोयाबीन बियाण्याची घरगुती उगवणक्षमता चाचणी हा विषय मला पेरणीपूर्वी शेतकऱ्यांपुढे आणि नंतर महाविद्यालयात परीक्षकांपुढे मांडायचा आहे. मी चाळीस स्लाइड तयार केल्या आहेत. त्यांत पिकाचा इतिहास, राज्यातील क्षेत्र, एमएयूएस-71, 158 व 162 या वाणांची वैशिष्ट्ये, बीजप्रक्रिया आणि शेवटी चाचणी असा क्रम आहे. गावातील सभा मंदिराच्या सभामंडपात सायंकाळी होईल. प्रोजेक्टर मिळेल, परंतु विजेचा भरवसा नाही. श्रोते बहुतेक माझ्या वडिलांच्या वयाचे असतील आणि बोलताना माझी नजर कागदावरून उठत नाही. काय गाळावे? दोन्हीकडे एकच सादरीकरण चालेल का?

मांजराकाठ

ताई, मी लातूर जिल्ह्यात कृषी पर्यवेक्षक होतो. सभेतून उठताना शेतकऱ्याने काय ठरवलेले असावे, हे आधी एका वाक्यात लिहून काढा. तुमच्या बाबतीत ते वाक्य असे असेल: "घरचे बियाणे तपासल्याशिवाय मी पेरणार नाही." या वाक्याला ज्याचा आधार होत नाही, ते सर्व गाळा. ज्यांनी आयुष्यभर सोयाबीन पेरले, त्यांना त्या पिकाचा इतिहास सांगण्यात पहिली दहा मिनिटे घालवलीत, तर चाचणीची वेळ येईपर्यंत मागची रांग चहाला गेलेली असेल.

सभेच्या आठवडाभर आधी गावातल्याच दोन-तीन शेतकऱ्यांकडून घरचे बियाणे मागून घ्या. प्रत्येकाचे न निवडता 100 दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करा, सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. ही गुंडाळी सभेतच सोडायची, आणि कोंब मोजायचे ते ज्याचे बियाणे त्यानेच. दाणे 100 असल्यामुळे जितके सशक्त कोंब, तितकी टक्केवारी. गणित समजावण्याची गरज उरत नाही. त्यानंतर एवढेच सांगा: 70 टक्के उगवण असेल तर एकरी 30 किलो बियाणे, त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो जास्त, म्हणजे 60 टक्क्यांना 35 किलो, आणि त्याहूनही कमी भरल्यास ते बियाणे पेरू नये. हे आकडे मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून नेलेत, तर वीज गेली तरी काही अडणार नाही.

गोदातीर_नांदेड

वरील सल्ला गावासाठी योग्य आहे, पण पुठ्ठा घेऊन परीक्षकांपुढे उभे राहू नका. मी महाविद्यालयात शिकवतो. तेथे क्रम बदलतो. परीक्षकाला निष्कर्षाइतकीच पद्धत हवी असते: नमुना पोत्याच्या कोणकोणत्या भागांतून घेतला, चाचणी किती वेळा केली, विकृत कोंब मोजणीत धरले की वगळले. सोयाबीनचे बीजकवच पातळ असल्यामुळे मळणीत आणि पोती आदळल्याने उगवण घटते, हे कारण गावात एका वाक्यात सांगावे. महाविद्यालयात मात्र त्याला एक स्वतंत्र स्लाइड द्यावी. वाणांची माहिती दोन्हीकडे वगळा, कोणी विचारलेच तर तोंडी सांगा. दहा-बारा स्लाइड पुरेत. एका स्लाइडवर एकच तक्ता ठेवा, मजकूर युनिकोड टंकात घ्या आणि पीडीएफ प्रत सोबत बाळगा, कारण जुने टंक दुसऱ्या संगणकावर हमखास विस्कटतात.

कागदाविषयी सांगायचे तर संपूर्ण भाषण लिहूच नका. लिहिलेले वाक्य विसरले की माणूस तेच वाक्य शोधत बसतो. आपल्या भागात वारकरी कीर्तन सर्वांनी ऐकलेले असते: कीर्तनकार निरूपणाला एकच अभंग घेतो, दृष्टान्तासाठी कितीही दूर गेला तरी त्याच चरणावर परततो, आणि म्हणूनच त्याला हातात कागद लागत नाही. तुमचे चरण चार असावेत: दाणे घेणे, गुंडाळणे, मोजणे, बियाण्याचे प्रमाण ठरवणे. तेवढेच कार्डावर लिहा. सराव मनातल्या मनात न करता उभे राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून करा.

कृषीकन्या_सेलू

दोघांचेही आभार. एक शंका उरते. गुंडाळी सर्वांसमोर सोडल्यावर एखाद्याचे बियाणे 50 टक्केच उगवलेले निघाले, तर त्या शेतकऱ्याचा चारचौघांत अवमान होणार नाही का?

मांजराकाठ

होऊ शकतो, म्हणून बियाणे मागतानाच त्यांची परवानगी घ्या आणि गुंडाळ्यांवर नावांऐवजी अ, ब, क अशा खुणा करा. मोजणीही मग मालकाऐवजी पुढे बसलेल्या कोणाकडूनही करून घ्या. माझी आधीची सूचना येथे बदलतो. सभेच्या आदल्या दिवशी गुंडाळीची कडा हळूच उचलून अंदाज घ्या आणि बियाणे कमकुवत दिसल्यास त्या शेतकऱ्याला घरी जाऊन आधीच सांगा. पेरणीला अवधी असल्याने त्यांना दुसरे बियाणे पाहता येईल, आणि सभेत ते स्वतःहून बोलले, तर त्यांना मध्येच थांबवू नका. तुमच्या वेळेतली पाच मिनिटे त्यांच्यासाठी राखून ठेवा.